भोगी, रात्री साडेआठची

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘दूर गेलेल्यांची ताटं : तंजावर ते गुवाहाटी’. तंजावरला मी एकदाच गेलेय, तेही दोन दिवस. गुवाहाटीत अकरा वर्षं काढली. तेव्हा वेळेची वाटणी कशी होणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. तंजावरवर अन्याय करणार नाही असं मी अध्यक्षांना कबूल केलंय. बघू.

आज भोगी. किती जणांकडे बाजरीची भाकरी झाली? हात वर करा. वा, बरेच आहेत. आता ज्यांनी ती स्वतः थापली त्यांनीच हात वर ठेवा. हां, बघा, सगळे पुरुष एकदम खाली! आमच्या ह्यांनी मात्र वर ठेवलाय. राहू दे, खोटं नाहीये ते. का ते पुढे येईल.

माझं सासर संगमनेरचं. घरात चौदा माणसं. सणाचं जेवण म्हणजे बारा-साडेबाराला नैवेद्य, मग पुरुषांची आणि मुलांची पंगत, मग सासूबाई आणि आत्या, आणि तीनच्या सुमारास आम्ही सुना. तक्रार करत नाहीये. (हशा) बरं, करतेय. भोगीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, तीळ अजून तडतडत असताना, वर लोण्याचा गोळा. गार झाली की तुकडा मोडावा लागतो आणि भोगीच्या भाजीतलं तेलही थिजलेलं असतं. लग्नानंतर पाच भोग्यांना मी ती भाकरी शेकड्यानं थापली. गरम एकदाही खाल्ली नाही. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात. मग आम्ही खात होतो ती कोणती भोगी?

1987च्या ऑक्टोबरात ह्यांची बदली झाली गुवाहाटीतल्या नूनमाटीच्या रिफायनरीत. आम्ही दोघंच. भाजीची चिंता नव्हती. पावटा, वांगी, गाजर, ओला वाटाणा, सगळं मिळायचं. बाजरी मात्र नाही. सासूबाईंनी डिसेंबरातच मांजरपाटाच्या पिशवीत पीठ शिवून टपालानं पाठवलं. पोचलं तीन आठवड्यांनी. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि चूळ भरायला धावले. बाजरीत स्निग्धांश जास्त. दळली की हवा लागून आठ-दहा दिवसांत पीठ कडू होतं. सासूबाईंना हे कसं ठाऊक नव्हतं? अहो, चौदा माणसांच्या घरात बाजरीचं पीठ दहा दिवस टिकतंय कुठे! मी उलट टपाली लिहिलं, ‘पीठ उत्तम पोचलं.’ हे पत्रात पहिलं आणि शेवटचं खोटं, असं म्हणणार होते, पण हे समोर बसलेत.

पुढच्या वर्षी आख्खी बाजरी मागवली. आता दळणार कोण? गिरणीवाला म्हणाला, हे करडं पीठ जात्यात बसेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा आटा काळा निघेल. त्याचं चुकलं नव्हतं, पण मला रडू आलं. शेजारच्या बाइदेउंनी, म्हणजे तिकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, ते पाहिलं. त्यांचं माहेर ब्रह्मपुत्रेपलीकडे हाजोजवळ. म्हणाल्या, ‘उरुकाला आमच्याकडे चला, आमची ढेंकी आहे.’

उरुका म्हणजे माघ बिहूची आदली रात्र. म्हणजे कोणती? आपली भोगीच! सूर्य इकडेही मकरेत जातो आणि तिकडेही, त्याला काय राज्य सरकारची हद्द असते? शेतात गवत-बांबूचं भेलाघर उभारतात, शेजारी लाकडांची मेजी रचतात, रात्री सगळं गाव एकत्र जेवतं आणि पहाटे अंघोळ करून मेजी पेटवतात. पोरं त्या रात्री कुणाच्या कुंपणाचे बांबू, कुणाच्या परसातली भाजी पळवतात. ती चोरी धरत नाहीत. ह्यांना हा भाग फार आवडला.

तर ढेंकी. लांब लाकडी तुळई, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय द्यायचा. मुसळ वर गेलं की समोर बसलेल्या बाईनं उखळातलं पीठ हातानं सारायचं आणि मुसळ खाली यायच्या आत हात काढायचा. तिचं सगळं आयुष्य पाय देणाऱ्याच्या तालावर. ह्यांनी तीनदा ताल चुकवला. चौथ्यांदा बाइदेउंच्या आईनं ह्यांचा दंड धरला आणि लहान मुलाला बसवावं तसं ओट्यावर नेऊन बसवलं. रिफायनरीचे इंजिनिअर!

पीठ रव्यासारखं जाडंभरडं निघालं. गरम पाण्यात मळून थापायला गेले तर कडा फुटल्या, उचलली की तुकडे. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. तिकडच्या बायांचा पेहराव दोन तुकड्यांचा, ‘मेखेला-चादोर’; त्याला पदर कसला म्हणाल, पण हसू लपवायला कापड लागतंच. तेव्हा हे उठले. रुसवा गेला नव्हता, पण उठले. बाइदेउंच्या आईनं बोरा साउलचं पीठ, म्हणजे चिकट तांदळाचं, ज्याचा तिल पिठा, म्हणजे तिळाचं सारण भरलेली गुंडाळी, करतात, मूठभर बाजरीत घातलं आणि ह्यांनी तळहातावर पुरीएवढ्या भाकऱ्या थापल्या. वेड्यावाकड्या. काळे तीळ लावून. मी भाजत होते.

तिकडे जानेवारीत पाचच्या आत सूर्य मावळतो. चहाच्या मळ्यांची घड्याळं म्हणूनच तासभर पुढे असतात. त्याला बागान टाइम म्हणतात. साडेआठ म्हणजे चांगलीच रात्र झाली होती. सगळे केळीच्या पानांवर बसले, बाया, पुरुष, पोरं, एकदम. भांडी मध्ये ठेवलेली, ज्याला हवं त्यानं घ्यावं. आमच्याकडे सणाला मासे नाहीत. ह्यांच्या पानात रोहूचा तुकडा मी पाहिला नाही, असं ठरलंय. माझ्या पानात भाकरी पडली ती वाफेसकट. पोळलेली बोटं चोखत खाल्ली.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे. तंजावर?’

ठीक. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे 1670च्या दशकात तंजावरला गेले, त्यांच्या वंशाची गादी 1855 पर्यंत टिकली. दुसऱ्या सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती लिहून ठेवलेल्या आहेत. सांबाराची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे: संभाजीराजे पाहुणे आले, आमटीला आमसूल नव्हतं, चिंच घातली, आणि त्यांच्या नावावरून ते सांबार. गोष्ट गोड, पुराव्याच्या नावानं बोंब. पण मला तिच्यात एक खरं दिसतं. दूर गेलं की आंबटाची पंचाईत पहिली होते. आम्हाला आसामात ठेकेरा मिळाला, उन्हात वाळवलेल्या चकत्या, आंबट. पुढे कळलं, तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे कोकमाचा सख्खा भाऊबंद. म्हणजे पदार्थाची सोय लागते. आंबटाला आंबट, तिळाला तीळ.

माझा मुद्दा एवढाच होता की दूर गेल्यावर काय बदललं असं विचारलं की लोक पदार्थ सांगतात. वेळ सांगत नाहीत. आणि कोण कधी बसलं हे तर नाहीच. गुवाहाटीत भोगीच्या दिवशी हे कामावर, मी शाळेत शिकवायला; दुपारचा नैवेद्य दिव्याजवळ साखर ठेवून उरकला आणि खरं जेवण रात्री गेलं. दोघंच, मग एक थापणार, एक भाजणार, दोघं बसणार. दुसरं माणूसच नव्हतं, त्यात क्रांती वगैरे काही नाही. तंजावरच्या राण्या राजांच्या आधी जेवल्या की नंतर, हे मला त्या पाककृतींतून शोधायचं होतं. दोन दिवसांत जमलं नाही.

दोन मिनिटं द्या, सासूबाईंचं राहिलं. 1993ला त्या आल्या. उरुकाला हाजोला नेलं. येताना त्यांनी बाजरी स्वतः दळून, डब्यात घट्ट बंद करून आणली होती. पाच वर्षांपूर्वीचं ‘उत्तम पोचलं’ त्यांना पोचलं असावं. रात्री पानं मांडली, सगळे बसले. सासूबाई भाजीचं पातेलं घेऊन उभ्याच. म्हणाल्या, ‘अगं, सगळे एकदम बसलात तर वाढणार कोण?’ मी भाषांतर करून सांगितलं. बाइदेउंच्या आईला त्या प्रश्नाचा अर्थच लागेना. शेवटी तिनं ह्यांना धरलं होतं तसाच सासूबाईंचा दंड धरला. तेव्हा त्या बासष्टच्या होत्या. बसल्या, आणि भाकरीचा पहिला घास तोंडात घालून तोंड उघडंच ठेवून फू-फू करत राहिल्या.

बाहेर चहाबरोबर तिल पिठा ठेवलाय. काळा दिसेल, जळालेला नाही, तीळच काळे आहेत.