नऊ फूट लिदीची गोष्ट आणि रस्त्यावरची खरी लीद

नमस्कार मंडळी. घोडागाड्यांवरचा आपला जुना व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न सतत विचारला जात आहे. पन्नास वर्षांत शहरातला प्रत्येक रस्ता नऊ फूट लिदीखाली गाडला जाईल, असे भाकीत लंडनच्या ‘द टाइम्स’ने १८९४ साली खरोखरच केले होते का? त्या व्हिडिओत ही गोष्ट मीच सांगितली होती आणि ती चूक आज मला दुरुस्त करायची आहे. त्या वर्षीच्या अंकांत असा लेख कोणालाही सापडलेला नाही.

त्याआधी एक विनंती. अनेक प्रेक्षक ‘घोड्याचे शेण’ असे लिहितात. शेण गाईम्हशींचे असते, घोड्याची ती लीद, आणि आजच्या विषयात हा फरक महत्त्वाचा आहे. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे लिदीत काड्या आणि न पचलेले ओटचे दाणे तसेच राहतात. ओली असताना ती चाकांखाली चिरडून चिखलात मिसळते, आणि उन्हाने सुकली की तिचा भुगा होऊन वाऱ्याबरोबर नाकातोंडात जातो. शहरांतल्या चिमण्या रस्त्यावर घोड्यांमागे घुटमळत असत, त्या याच दाण्यांसाठी.

आता हिशेब. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एक लाखाहून अधिक घोडे होते. एका घोड्याची दिवसाची लीद साधारण ७ ते १४ किलो धरतात. गुणाकार केला की रोजची हजार टनांच्या आसपास लीद होते. आकडा ठीक आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर, कारण ही सगळी लीद रस्त्यावर पडली असे आपण गृहीत धरतो.

ट्राम ओढणारा घोडा दिवसाकाठी जेमतेम चार-पाच तास जुंपला जात असे आणि उरलेला वेळ तबेल्यात उभा असे. मागे मी एका तबेल्यात पूर्ण एक दिवस थांबलो होतो. तिथल्या मोतद्दाराने पहाटे ठाण झाडले, तेव्हा पेंढ्यात मिसळलेली, वाफाळणारी लीद घमेल्याघमेल्याने बाहेर निघाली. नंतर तो घोडा फेरीला गेला, तेव्हा मी त्याच्यामागून चाललो, आणि वाटेत त्याने दोनदाच लीद टाकली. एका घोड्यावरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ‘घोडे गुणिले लीद’ म्हणजे रस्त्यावरची घाण नव्हे, हे माझ्या मनात त्या दिवशी पक्के झाले.

हीच गोष्ट लंडनच्या बसकडे पाहून तपासता येते. तिथल्या एका घोडाबससाठी दिवसभरात दहा-बारा घोडे लागत. त्यांतली एक जोडी रस्त्यावर असे, बाकीच्या जोड्या पाळीची वाट पाहत तबेल्यात असत. बस मोजून घोड्यांचा आणि घोडे मोजून रस्त्यावरच्या लिदीचा अंदाज बांधणाऱ्याला ही पाळी लक्षात घ्यावीच लागते.

आता तिसऱ्या बाजूने पाहू, आणि माझ्या मते हीच बाजू सर्वांत बोलकी आहे. तबेल्यातल्या पेंढामिश्रित लिदीला खत म्हणून गिऱ्हाईक होते. न्यूयॉर्कलगतच्या किंग्ज आणि क्वीन्स या परगण्यांत त्या काळी भाजीपाल्याची मोठी शेती होती आणि शहराची लीद तिथल्या वाफ्यांत जात असे. रस्त्यावरच्या लिदीत मात्र खडी, चिखल आणि राख मिसळलेली असल्याने तिला तेवढा भाव नव्हता. जी विकली जात असे ती उचलली जाई, जिला भाव नसे ती पडून राही. रस्ते बरबटले ते या दुसऱ्या ढिगामुळे, म्हणजे मुळात ती उचलण्याची व्यवस्था नसल्यामुळे. लीद कमी होती असे मी म्हणत नाही. तिच्यावर माश्या पोसल्या जात आणि त्यांच्यामार्फत आजार पसरत, हेही खरेच आहे.

एका प्रेक्षकाने लिहिले आहे की, ‘काहीही म्हणा, मोटार आली म्हणूनच शहरे वाचली.’ या वाक्याचा मला मनापासून त्रास होतो. घोड्यांना ट्रामवरून हटवले ते प्रथम विजेने. १८८८ साली फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेतल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्रामची मोठी यंत्रणा यशस्वीपणे चालवून दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत शहरामागून शहराने ती स्वीकारली. न्यूयॉर्कची शेवटची घोडाट्राम मात्र १९१७ पर्यंत धावत होती.

आणि मोटारींचा सुळसुळाट होण्याआधीच रस्ते माणसांनी झाडले होते. १८९५ साली जॉर्ज वेअरिंग न्यूयॉर्कच्या रस्तेसफाई खात्याचे प्रमुख झाले. ते मूळचे सांडपाण्याच्या निचऱ्याचे अभियंते होते. त्यांनी सफाई कामगारांना पांढरा गणवेश दिला, प्रत्येकाला रस्त्याचा ठरावीक तुकडा नेमून दिला, आणि रात्रभर रस्त्यातच सोडून दिलेल्या बिनघोड्यांच्या गाड्या हटवायला लावल्या. पांढऱ्या कपड्यांची तेव्हा बरीच चेष्टा झाली; पण त्या कपड्यांमुळे कोण कुठे काम करतो आहे, हे सर्वांना दुरूनही दिसू लागले.

आता पडद्यावरची ही दोन छायाचित्रे पाहा. दोन्ही मॉर्टन स्ट्रीटची आहेत. पहिले मार्च १८९३ चे आहे. त्यात गाळ आणि घाण कडेला साचली आहे, आणि चालणाऱ्याने पाऊल कुठे ठेवावे, हे कळत नाही. दुसरे मे १८९५ चे आहे, त्याच रस्त्याचे, आणि त्यात फरशी दिसते आहे. या दोन वर्षांत न्यूयॉर्कमधले घोडे कुठेही गेले नव्हते.