पन्नास किलोमीटरवर पुन्हा पाना

श्रोतेहो, नमस्कार.

आज चाकाच्या नटांबद्दल बोलायचं आहे. टायर कोणत्या कंपनीचा घ्यावा, ते तुम्ही चार जणांना विचारून घेताच. मला बोलायचं आहे ते टायर बसवून झाल्यावरच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल. दुकानातलं पोरगं नट आवळतं, गाडी जॅकवरून उतरते, आपण पैसे देतो आणि निघतो. ते नट कसे आवळले, कशाने आवळले, हे बघायला कुणी खाली वाकत नाही. आयटीआयमध्ये मी बरीच वर्षं मोटर मेकॅनिक शिकवलं, आणि या एका कामातली हयगय मला आजही सहन होत नाही.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एका मुलाचं साक्षगंध होतं. मुलगी वणीकडची. आम्ही दारव्ह्याकडून दोन गाड्या घेऊन निघालो. पुढे नवरदेवाच्या काकांची सात सीटर, मागे आमची जीप. काकांनी आदल्याच दिवशी तालुक्याला जाऊन चारही टायर नवे टाकले होते. रिमांना गंज होता, म्हणून दुकानदाराने त्यांना चांदीचा रंगही मारून दिला होता. वर नवे व्हीलकप. पाहुण्यांच्या दारात गाडी उठून दिसली पाहिजे ना!

जाता जाता सांगतो, आपल्याकडची साक्षगंधं आता लग्नाएवढी झाली आहेत. मांडव, बँड, दोनशे-तीनशे लोकांचं जेवण. कापसाचा पैसा हातात पडायच्या आधीच त्याचा हिशेब लागून जातो. हे कमी व्हायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तर पुढच्या गाडीत मधल्या सीटवर नवरदेवाची आजी बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई. यवतमाळ सोडलं आणि आजीच्या कानाला काहीतरी लागलं. ती म्हणाली, "काय वाजून रायलं रे?"

नातू गाडी चालवत होता. तो म्हणाला, "काई नाई आजी, टायरात खडा अटकला असन." त्याने गाडी दाबली, आवाज बंद. "पाय, गेला ना?"

पुढे गाव आलं, गतिरोधक आला, गाडी हळू झाली. पुन्हा मागून खडखड, खडखड. आजी म्हणाली, "थांबव." नातू म्हणाला, "आजी, उशीर होते, लोक वाट पाहून रायले." पुन्हा गाडी पळाली, पुन्हा आवाज गेला. असं करत करत करंजी मागे पडली. त्या रस्त्याला वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक, एकामागे एक. एका ट्रकला जागा द्यायला गाडी हळू झाली, आणि आजीने नातवाचा खांदाच धरला.

"खडा असता तं पळताना जास्त वाजला असता. हा हळू झाल्यावरच वाजते. मले उतरव इथंच. मी सारा जनम बंडीत काढला, चाक काय बोलते ते मले समजते. खीळ सरकली का चाक असंच बोलते."

नाइलाजाने त्याने गाडी कडेला घेतली. मागून आम्ही पोचलो. आवाज डाव्या मागच्या चाकातून येत होता, असं आजीनेच दाखवलं. मी व्हीलकप ओढला, आणि दोन नट माझ्या हातात पडले. पाच नटांचं चाक ते. दोन नट निघून व्हीलकपमध्ये फिरत होते. राहिलेल्या तिघांपैकी दोन मी बोटांनी फिरवले. पाना लागला तो फक्त एकाला, तोही नावापुरता.

आवाज वेग वाढल्यावर का जात होता, हेही तिथेच कळलं. चाक जोरात फिरलं की आतले सुटे नट व्हीलकपच्या कडेला दाबून बसतात, हलत नाहीत. चाक हळू झालं की ते घरंगळतात आणि वाजतात. वेगात आवाज गेला म्हणजे दोष गेला असं नातवाला वाटत होतं, आणि त्याच वेगात धोका सगळ्यात जास्त होता.

मी खाली बसून ते चाक नीट पाहिलं. प्रत्येक भोकाभोवती नवा रंग गोल सोलून निघाला होता. त्याच्याखाली करड्या रंगाची बारीक भुकटी, बोटाला लावली तर चमकणारी. ते लोखंड झिजत होतं. रिमची भोकं गोल राहिली नव्हती, लांबट झाली होती. दोन बोल्टांचे आटे सपाट.

पोरं म्हणाली, "काका, टाइट करून टाका, जाऊ हळूहळू." मी नाही म्हटलं. भोक लांबट झालं की नट त्यात नीट बसत नाही, कितीही आवळा. आजीला आणि बायांना आमच्या जीपमध्ये बसवून पुढे पाठवलं. करंजीहून मेकॅनिक मोटारसायकलवर आला, त्याने चाकामागचा ब्रेकचा ड्रम काढून बोल्ट बदलले, स्टेपनी चढवली, बाकीच्या तिन्ही चाकांचेही नट तपासले. त्यातलं आणखी एक चाक ढिलं निघालं. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मांडवात कुणीतरी म्हणालं, साक्षगंधालाच अपशकुन झाला. आजीने तिथल्या तिथे ऐकवलं, "अपशकुन कायचा? नट ढिले होते."

आता झालं काय होतं, ते सांगतो. नटाचं काम रिमला ड्रमवर घट्ट दाबून धरायचं. चाकाचं वजन, ब्रेकचा जोर, हे सगळं त्या दाबावर पेललं जातं. नव्या रंगाचा थर नटाखाली आणि रिमच्या मागे असला, की दुकानात नट घट्ट वाटतो. गाडी चालते, रंग चिरडतो, तेवढी जागा मोकळी होते आणि दाब संपतो. गंज, माती, चिखल अडकला तरी तेच. म्हणून रिम जिथे ड्रमला टेकते तिथे आणि नट बसतो त्या जागी रंग नको. ती जागा तारेच्या ब्रशने घासून घ्यायची.

आणि म्हणूनच, चाक उघडलं की पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा पाना लावायचा. पुन्हा सांगतो. टायर बदला, पंक्चर काढा, ब्रेकचं काम करा, चाक उघडलं की पन्नास ते शंभर किलोमीटरवर पुन्हा पाना.

नट ओळीने नाही, समोरासमोर आवळायचे. आधी सगळे हाताने फिरवून बसवायचे, मग थोडे थोडे. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकवल्यावर. हवेच्या गनवर विसंबू नका. एकाच कॉम्प्रेसरवर दोन गनी चालत असतील तर हवा कमी पडते आणि नट ढिला राहतो. हवा भरपूर असली तर तीच गन बोल्ट ताणून ठेवते. जास्त आवळणंही तेवढंच वाईट. लहान कारच्या नटाला साधारण 100 न्यूटन मीटर जोर लागतो. म्हणजे 40 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला 25 किलोचा भार. साठ किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की जोर दुपटीच्याही वर जातो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पान्यावर तो लावला की तेवढ्यालाच टिक आवाज येतो. आणि आट्यांना तेल, ग्रीस लावू नका. तेलामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो.

टायरात साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरायला लोक जास्तीचे पैसे देतात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, मंडळी. ते पैसे साठवा आणि चार जणांत मिळून एक टॉर्क पाना घ्या. दुकानातल्या पोराशी दहा रुपयांवरून घासाघीस करणंही सोडा. त्याला म्हणा, सावकाश कर, मी उभा आहे.

भंडारा-गोंदियाकडच्या शेतकऱ्यांसाठी एक. चिखलणीला तुम्ही ट्रॅक्टरला लोखंडी चाकं चढवता, रोवणी आटोपली की रबरी चाकं परत बसवता. तेव्हा बोल्ट चिखलाने माखलेले असतात. ते पाण्याने धुवा, कापडाने पुसा, मगच नट चढवा. आपल्याकडे कापसाच्या ट्रॉल्या निघायच्या दिवसांत ट्रॉलीचे नटही तपासा, त्यांच्याकडे तर वर्षभर कुणी पाहत नाही. आवळून झाल्यावर नटापासून रिमपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. नंतर ते बघायला जॅक लागत नाही, पाना लागत नाही. सकाळी गाडी काढताना चारही बाजूंनी एक चक्कर मारली की झालं.

नमस्कार.