ग्लेंडालॉकला गेलात तर मनोऱ्यापाशी थांबू नका!

नमस्कार मंडळी! डब्लिनपासून साधारण 50 किलोमीटरवर, आयर्लंडच्या विकलो डोंगररांगेत ही ग्लेंडालॉकची दरी आहे. हिमनदीने कोरलेली. वरचं तळं आणि खालचं तळं पूर्वी एकच होतं. बाजूच्या ओढ्याने आणलेला गाळ मध्ये साचत गेला आणि त्याची दोन झाली.

माझ्या मागे दिसतोय तो गोल मनोरा. उंची सुमारे 30 मीटर. आता त्याचं दार बघा, कुठे आहे? जमिनीपासून साडेतीन मीटर वर! हा मुळात घंटेचा मनोरा. लांबून येणाऱ्या यात्रेकरूंना तो खूण म्हणून दिसायचा, आणि हल्ला झाला की आसऱ्यालाही उपयोगी पडायचा. वरचं निमुळतं छत 1876 साली मूळचेच दगड वापरून पुन्हा बांधलं.

बरेच जण इथे फोटो काढतात आणि परत फिरतात. मला त्याची फार हळहळ वाटते. कारण सहाव्या शतकात संत केविन या दरीत आले ते एकांतासाठी. त्यांच्यामागे शिष्य आले, शिष्यांमागे यात्रेकरू, आणि खालच्या अंगाला मठाचं गावच वसलं. म्हणजे आपण बघतोय ती नंतरची वर्दळ. केविन यांची जागा अजून पुढे आहे.

तळ्यांच्या कडेने सपाट वाट जाते, लहान मुलं, आजी-आजोबा सगळ्यांना जमेल अशी. वरच्या तळ्याजवळ झाडीत रीफर्ट चर्चचे अवशेष आहेत. तिथून थोडं चढलात की एका खडकाळ सोंडेवर केविन यांची कुटी होती असं मानतात. आता फक्त पायाचे दगड उरलेत. इथे जरा बसाच. समोर पसरलेलं तळं बघितलं की त्यांनी हीच जागा का निवडली, ते कोणी सांगावं लागत नाही.

त्यांची गुहा मात्र कड्यात, पाण्याच्या वर आहे. तिथे चढायचा प्रयत्न अजिबात करू नका. समोरच्या काठाने जुन्या शिशाच्या खाणींकडे रस्ता जातो, त्यावरून ती नीट दिसते.

पायांत दम असेल तर स्पिंकचा कडा. 600 हून जास्त लाकडी पायऱ्या आहेत, आणि पूर्ण फेरीला तीन-चार तास धरा. खांबांवरचे रंगीत बाण बघत चाला. जॅकेट आणि पकड असलेले बूट हवेतच, कारण वर धुकं कधी उतरेल याचा नेम नसतो.