‘तुझी इच्छा’ म्हणण्याआधी

(उपवासकाळातल्या प्रार्थना-सप्ताहात, संध्याकाळच्या सभेत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

मंडळी, सलाम. पाळकसाहेबांनी ओळख करून देताना मला ‘प्रार्थनेतल्या अनुभवी भगिनी’ म्हटलं. तेवढं खोडून टाका. मी 34 वर्षं नर्सिंग केलं, इंजेक्शन कुठं टोचायचं याचा मला अनुभव आहे. प्रार्थनेच्या बाबतीत मी दोनदा सपशेल चुकले, आणि त्या दोन चुका घेऊनच आज तुमच्यापुढं उभी आहे.

तेव्हा मी मुलांच्या वॉर्डात रात्रपाळीला असायचे. ऊसतोडीला आलेल्या एका जोडप्याचा सहा वर्षांचा मुलगा दाखल होता. मेंदूज्वर. बाप तिकडं फडात, कारण उचल घेतलेली, तोडणी थांबवता येत नाही. आई खाटेशेजारी गोणपाट टाकून बसलेली. एका रात्री तिनं माझ्या गळ्यातला क्रूस बघितला आणि विचारलं, “सिस्टर, तुमचा देव ऐकतो का?” मी तिच्याजवळ बसले, मुलाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. इथवर ठीक होतं. पण उठताना मी म्हणाले, “विश्वास ठेवा ताई, तो नक्की बरा होणार.”

हे बोलायला मला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी नाही. देवानंही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पोर गेलं. मी सलाईनची सुई काढत होते. मनात म्हटलं, आता ही मला बोल लावणार. तिनं बोल लावला नाही. पोराच्या पायातला काळा दोरा सरळ करत ती एवढंच म्हणाली, “सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का?”

मंडळी, एका आईच्या दुःखावर मी आणखी एक धोंडा ठेवला होता. पोर तर गेलंच, वर दोषही तिच्याच पदरात. भरवसा म्हणून मी तिला जे दिलं, ती हमी होती, आणि हमी देण्याचा अधिकार माझा नव्हता. बँकेत हमीदार लागतो, कारण तिथं आपली ओळख नसते. बापाकडं पैसे मागायला जाताना कुणी हमीदार घेऊन जातं का? तो देईल की नाही, हे तिथंही ठाऊक नसतं. पण आपण कुणाच्या दारात उभे आहोत, ते ठाऊक असतं.

त्या पहाटेनंतर मी फार सावध झाले, आणि त्यातून दुसरी चूक झाली. ती पहिलीपेक्षा दिसायला गोजिरवाणी, म्हणून जास्त दिवस टिकली. माझी प्रत्येक प्रार्थना ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथंच सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. लोकांना वाटायचं, किती नम्र बाई! पुढं माझ्या यजमानांचं मूत्रपिंड निकामी झालं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. रोज रात्री मी त्यांच्या उशाशी बसून तेच म्हणायचे, तुझी इच्छा, तुझी इच्छा. एक दिवस ते डोळे मिटूनच म्हणाले, “तू माझ्यासाठी काहीच मागत नाहीस का गं?”

मी गप्प बसले. कारण खरं होतं. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, या भीतीनं मी मागणंच सोडलं होतं. ‘तुझी इच्छा’ हे शब्द मी पावसात डोक्यावर प्लास्टिकचा कागद धरावा तसे धरले होते. वरून काही आलंच तर अंगावर येऊ नये म्हणून.

आता गेथशेमाने बघू, म्हणजे पकडलं जाण्याआधीच्या रात्री येशूनं जिथं प्रार्थना केली ती बाग. हा उतारा आपण दर शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आसपास ऐकतो, त्यामुळं तो ऐकूच येत नाही. गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराचा पायथा, रात्रीची वेळ. येशूबरोबर पेत्र, याकोब आणि योहान. मार्काच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, प्रार्थना कशी सुरू होते? “अब्बा,” म्हणजे बापा. मग, तुला सर्व काही शक्य आहे. मग, हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेलं हे दुःख, माझ्यापासून दूर कर. आणि त्यानंतर, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.

क्रम बघा. देवाच्या पुत्रानंसुद्धा आधी स्वतःला काय हवंय ते सांगितलं. स्पष्ट, आडपडदा न ठेवता: हा प्याला नको. मी जिथून सुरुवात करत होते, तिथं तो शेवटी पोचला.

आणि मत्तयानं तर याहून बारीक नोंद ठेवली आहे. सव्विसावा अध्याय घरी जाऊन पुन्हा वाचा. येशू तीनदा प्रार्थना करतो. पहिल्यांदा म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला टळून जावो. मग उठून शिष्यांकडं येतो, तर ते झोपलेले. परत जातो. दुसऱ्यांदा शब्द बदललेले आहेत: मी प्यायल्यावाचून हा टळत नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रार्थनेच्या मधल्या जागेत काहीतरी घडलंय. आकाशातून वाणी झाल्याचं मत्तय इथं सांगत नाही. मागणं मात्र हललंय. आणि तिसऱ्यांदा? मत्तय लिहितो, पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. मला या वाक्याचा फार आधार वाटतो. रोज रात्री त्याच त्या प्रार्थनेचा आपल्याला संकोच वाटतो ना, की देवाला कंटाळा येत असेल? त्या बागेतही नवे शब्द सुचले नव्हते.

आणखी एक. दुसऱ्या प्रार्थनेतले ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे शब्द मूळ ग्रीकमध्ये अगदी तेच आहेत, जे मत्तयाच्याच सहाव्या अध्यायात, येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आहेत. शब्बाथशाळेत, म्हणजे संडे स्कूलात, पाच वर्षांच्या पोरांकडून आपण जे वाक्य एका दमात घोकून घेतो, ते शिकवणाऱ्याला स्वतःला म्हणायला एवढी रात्र लागली. घामाघूम होऊन. मग आपल्याला ते आठ-दहा वर्षं जमलं नाही, तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

जरा हसण्यासारखंही बोलू, चेहरे फार गंभीर झालेत. आपल्या प्रार्थनासभांत एक प्रकार असतो, देवाला बातम्या देण्याचा. “प्रभू, तुला ठाऊकच आहे, सोमवारी त्यांची सोनोग्राफी झाली, त्यात आठ मिलिमीटरचा खडा निघाला...” अहो, हे देवाला सांगताय की शेजारच्या बाकाला? दुसरा प्रकार याहून वाईट. “प्रभू, या घरातल्या काही लोकांना नम्र मन दे.” सुनेनं डोळे मिटलेले असतात, पण कान मिटता येत नाहीत ना! प्रार्थनेतून टोमणा मारणं हे पाप दहा आज्ञांत वेगळं लिहिलेलं नाही, एवढंच. (हशा)

हे सांगायचं कारण, आपण देवाशी बोलतो तेव्हा बऱ्याचदा देवाशी बोलतच नसतो. ऐकणाऱ्यांसाठी बोलतो, किंवा एक साच्यातली भाषा काढतो. घरात ‘मला भीती वाटतीय’ म्हणणारी बाई प्रार्थनेत ‘हे दयाघना परमेश्वरा, आम्ही दुर्बळ मानव’ म्हणते. भीती राहते स्वयंपाकघरात.

इब्री लोकांस पत्रात चौथ्या अध्यायाच्या शेवटी म्हटलंय की आपण धैर्यानं कृपेच्या राजासनाजवळ जाऊ या. हे ‘धैर्य’ ज्या ग्रीक शब्दाचं भाषांतर आहे, तो ‘पारेसिया’. मूळ अर्थ, सगळं बोलून टाकणं. अथेन्सच्या नगरसभेत स्वतंत्र नागरिकाला उभं राहून मनातलं बोलायची मुभा असायची, तिला हा शब्द वापरत. गुलामाला ती नव्हती. म्हणजे देवापुढचं धैर्य म्हणजे छाती फुगवून ‘होणारच’ म्हणणं नव्हे. ज्याला त्या घरात बोलायचा हक्क आहे, त्याची ती मोकळीक.

आणि ही मोकळीक मराठी माणसाला काय शिकवायची? जनाबाईनं विठोबाला कारट्या म्हटलंय. तुकोबांचे देवाशी भांडणाचे अभंग आहेत, देवाला ऋणको ठरवून वसुलीला बसलेत ते. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांचं ऋण ते उघड मानत. त्यांची भजनं आपण आजही टाळ-पेटीवर म्हणतो, ती त्याच चालीची लेकरं. मला वाटतं, मिशनऱ्यांकडून आपण पुष्कळ चांगलं घेतलं, पण देवापुढं कोट घालून उभं राहायची सवयही घेतली.

माझी आजी कोट न घालणाऱ्यांतली. अक्षरओळख नाही. भाकरी थापताना मोठ्यानं प्रार्थना करायची. “बापा, पाऊस पाड. बाजरी करपाय लागली. शुक्रवारच्या आत पाड.” शुक्रवार यायचा, जायचा. शनिवारी सकाळी पुन्हा काटवटीत पीठ, पुन्हा थाप-थाप, आणि आजी, “काय रं बापा, इसरला का?” लहानपणी मला वाटायचं, आजीची प्रार्थना फुकट गेली, तारीख चुकली. आता कळतं. शनिवारी ती पुन्हा बोलत होती, हाच तिचा भरवसा होता. रुसलेलं माणूस बोलणं टाकतं. तिनं कधी टाकलं नाही, आणि दुष्काळ तिनं थोडे बघितले नव्हते.

पहिले शमुवेल, पहिला अध्याय. हन्ना मूल होत नाही म्हणून शिलोच्या मंदिरात रडतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, बाई दारू प्यायलीय. (पाळकसाहेब, याजकांचंही चुकतं, हे पवित्र शास्त्रानं लिहून ठेवलंय!) ती म्हणते, नाही महाराज, मी माझं मन परमेश्वरापुढं ओतत होते. एली आशीर्वाद देतो, ‘शांतीनं जा.’ मग ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. शमुवेल झाला तो नंतर. चेहरा बदलला तेव्हा हातात काही नव्हतं. इतकी वर्षं वॉर्डात लोकांचे चेहरे वाचल्यामुळं असेल, मी त्या वचनापाशी दरवेळी थांबते. डॉक्टर बाहेर येऊन काही बोलले नसताना नातेवाईक डबा उघडून दोन घास खातो, ते मी पाहिलंय. आत कुणीतरी बसलंय, असं त्याला वाटलेलं असतं.

पण दरवेळी चेहरा उजळतोच असं मात्र कुणी सांगू नका. स्तोत्र 88 उघडा. सुरुवातीपासून आक्रोश, आणि शेवट अंधारात. दिलासा नाही, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ नाही. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली, त्यांनी ते गाळलं नाही. पौलानं देहातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला, उत्तर आलं, “माझी कृपा तुला पुरे आहे.” उत्तर आलं, पण मागितलेलं नव्हे.

आणि आपल्याकडच्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईबाप आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, दोन वर्षं पुरी व्हायच्या आत पती पटकीनं गेले. उरली एकच लेक, मनोरमा. पुढं केडगावला ‘मुक्ती’ हा त्यांचा आश्रम उभा राहिला, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथं आल्या, आणि आपल्यामागं हे सगळं मनोरमा सांभाळेल अशी योजना होती. 1921 च्या जुलैत मनोरमाच गेली. तेव्हा रमाबाई तिरसष्ट वर्षांच्या. पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, केडगावच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत होत्या. ते काम रमाबाईंनी टाकलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, म्हणजे लेकीमागं नऊ महिनेही नाहीत. ‘सगळं देवाच्या इच्छेनं झालं’ असं भिंतीवर लावायचं वाक्य यातून मी काढणार नाही. मला फक्त ती म्हातारी बाई दिसते, ऐकू येत नाही, लेक गेलेली, आणि पुढ्यात हिब्रूचा कागद.

यजमानांचं सांगायचं राहिलं. त्यांनी विचारल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा मागितलं. म्हटलं, बापा, मला हा माणूस हवा आहे. धाकटीचं लग्न होईपर्यंत तरी हवा आहे. मला एकटीला जमणार नाही. रडले, भांडले. ते ऐकत होते. मग त्यांनीच, मी नव्हे, हळू आवाजात म्हटलं, “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” धाकटीच्या लग्नाआधी पाच महिने ते गेले. मागितलं ते मिळालं नाही. पण त्या रात्रीनंतर आम्ही दोघं एकमेकांपासून काही लपवत नव्हतो, आणि देवापासूनही नाही. ती ऊसतोडीवाली ताई मला आज भेटली, तर मी तिला काही समजावणार नाही. तिच्या गोणपाटावर बसेन.

आता शेवटी आपण प्रार्थना करतो, नेहमीप्रमाणे. पण आज मी मोठ्यानं करणार नाही. पाच मिनिटं शांत बसू. पहिल्या चार मिनिटांत ‘तुझी इच्छा’ म्हणायला बंदी आहे. काय हवंय, तेवढंच सांगायचं. आपल्या घरच्या बोलीत, नावानिशी, तारखेसकट. पाचव्या मिनिटाला मी घंटी वाजवीन. तेव्हा ज्याला जमेल त्यानं ते वाक्य म्हणावं, नाही जमलं तर उद्या. मागच्या बाकावर कुणाचा डोळा लागला तरी उठवू नका, त्या बागेतही तिघं झोपलेच होते. पंखा तेवढा बारीक करा कुणीतरी.