फाटलेलं पाकीट

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट १९८८ सालच्या मार्च महिन्याची. लॉस एंजेलिसमध्ये एका कुरिअर कंपनीच्या गोदामात एक पाकीट फाटलं. आत एक व्हिडिओ कॅसेट होती आणि पन्नास-पन्नास डॉलरच्या वीस नोटा. पाकीट आलं होतं केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागातून. पाठवणाऱ्याच्या जागी सहायक कोच ड्वेन केसी यांचं नाव, आणि घेणारे होते ख्रिस मिल्स या शाळकरी खेळाडूचे वडील. मुलगा पुढच्याच हंगामात केंटकीकडून खेळणार होता.

केसी म्हणाले, पाकिटात पैसे मी घातले नाहीत. त्यांनी कुरिअर कंपनीवरच दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला. वडील म्हणाले, आम्हाला पैसे मिळालेच नाहीत. तरीही पुढच्या वर्षी विद्यापीठावर तीन वर्षांची देखरेख आली, दोन वर्षं मोठ्या स्पर्धेत उतरायला बंदी झाली, आणि मुख्य कोचला घरी जावं लागलं. केसींना तर पोटासाठी जपान गाठावं लागलं. (हेच केसी पुढे २०१८ साली एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सर्वोत्तम कोच ठरले.)

या सगळ्याची सुरुवात एक हजार डॉलरवरून!

आपल्याला हा मामला उलटा वाटेल. आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेशासाठी पाकीट द्यायचं ते पालकांनी. त्याला आपण ‘डोनेशन’ असं सोज्वळ नावही दिलंय. तिकडे कॉलेजची माणसं पालकांचे उंबरे झिजवतात. कारण साडेसहा फुटांचं, सतरा वर्षांचं एक पोर आपल्या संघात आलं, तर चौदा हजार खुर्च्यांचं मैदान भरतं, टीव्हीवर झळकायला मिळतं आणि कोचचा पगार वाढतो. असं पोर मागून मिळत नाही. त्याला वळवावं लागतं.

आणि वळवायला एक पैसाही द्यायचा नाही, हा तेव्हाचा नियम! अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचं तेव्हाचं म्हणणं असं, की हे खेळाडू हौशी आहेत. त्यांना शिक्षण, राहणं, जेवण फुकट मिळतं; बाकी काही घेतलं की हौस संपली आणि खेळही संपला. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दही या संस्थेनेच १९५०च्या दशकात रुळवला. त्यामागे ममता नव्हती, वकिली होती. मैदानावर जखमी झालेला किंवा दगावलेला मुलगा ‘कामगार’ ठरला, तर नुकसानभरपाई द्यावी लागेल, ही धास्ती होती. हे पुढे संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहून ठेवलं.

हौशी हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. आपली हौशी नाट्यमंडळी पदरमोड करून राज्य नाट्य स्पर्धेला जातात. नेपथ्याचा टेम्पोही वर्गणीतून. पण तिथे नाट्यगृहाच्या दारावर कुणी कोट्यवधींचा गल्ला भरत बसलेलं नसतं. कॉलेज बास्केटबॉलच्या एका स्पर्धेचे, मार्च महिन्यात होणाऱ्या त्या प्रसिद्ध स्पर्धेचे, टीव्ही हक्क २०१०मध्ये चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरना गेले. २०१६मध्ये त्याला आणखी आठ वर्षं जोडली, ८८० कोटी डॉलरना. कोच लखपती नाही, करोडपती. आणि खेळाडूला काय? एक काळ असा होता, की विद्यापीठाने मुलाला न्याहारीला बेगल, म्हणजे तो गोल पाव, दिला तर चालायचं, पण त्यावर क्रीम चीज लावलं की नियमभंग! थट्टा नाही ही. २०१४मध्ये कनेक्टिकटचा शबाझ नेपियर अजिंक्यपद जिंकला आणि बोलून गेला, की कित्येक रात्री मी उपाशी झोपतो. त्यानंतर जेवणावरची बंधनं उठली.

कोल्हापूरच्या तालमीत पैलवानाच्या खुराकाला कुणी दूध-बदाम धाडले, तर लोक त्याला आश्रयदाता म्हणतात. तिकडे त्याच माणसाला ‘बूस्टर’ म्हणतात आणि त्याच्यावर चौकशी बसायची. मिशिगनमधला असा एक बूस्टर म्हणजे एड मार्टिन. मोटार कारखान्यातला निवृत्त इलेक्ट्रिशियन, कामगारांमध्ये आकड्यांचा बेकायदा जुगार चालवणारा. त्याने मिशिगन विद्यापीठाच्या चार खेळाडूंना मिळून ६,१६,००० डॉलर दिल्याचं कबूल केलं. त्यात ख्रिस वेबरसारखा तारा होता. विद्यापीठाने १९९२ आणि १९९३च्या संघांचे झेंडे मैदानाच्या छतावरून उतरवले. मुलं तोवर व्यावसायिक खेळाडू झाली होती.

पण एड मार्टिन जुन्या चालीचा माणूस. नंतर या धंद्यात आल्या बूट कंपन्या, आणि कारभार पद्धतशीर झाला.

तो कसा चालतो, ते जरा सावकाश ऐका. शाळकरी मुलं उन्हाळ्यात क्लबांच्या संघांतून देशभर खेळतात. त्या क्लबांना बूट, कपडे, प्रवासखर्च देते बूट कंपनी. तीच कंपनी विद्यापीठाशीही करार करते. म्हणजे पोरगा पंधराव्या वर्षी ज्या कंपनीचे बूट घालतो, त्याच कंपनीच्या विद्यापीठात गेला आणि पुढे एनबीएत जाऊन तिच्याच बुटांची जाहिरात केली, की कंपनीचं वर्तुळ पूर्ण. त्यातच एनबीएने २००५मध्ये एकोणीस वर्षांची अट घातली, त्यामुळे शाळेतून थेट व्यावसायिक होण्याची वाट बंद झाली. आता बहुतेकांना एक वर्ष कॉलेज करणं आलंच. त्या एका वर्षासाठी बोली लागते.

आणि मध्ये फिरतात दलाल. यांना तिकडे ‘रनर’ म्हणतात. आज पोराच्या आईबापांच्या अडीअडचणीला धावून जायचं, उद्या ते पोर आपल्या एजंटकडे आणायचं.

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दहा जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर केलं. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, ॲरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक कोच होते, आदिदासचे जेम्स गॅटो होते, आणि ख्रिश्चन डॉकिन्स नावाचा विशीतला उत्साही दलाल होता. एफबीआयचे लोक गुंतवणूकदार बनून या मंडळींत वावरले होते, लास वेगासच्या हॉटेलात छुपे कॅमेरे लावले होते. त्यांना आत नेणारा खबऱ्या स्वतःच अशिलांचे पैसे लाटताना सापडलेला आर्थिक सल्लागार होता. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, दुसरं काय!

प्रकरणाच्या मध्यभागी होता ब्रायन बोवेन हा मुलगा. आरोप असा, की त्याने लुईव्हिल विद्यापीठात जावं म्हणून त्याच्या वडिलांना एक लाख डॉलर हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरलं. पैसे आदिदासच्या खात्यातून निघायचे, पण खोटी बिलं एका उन्हाळी क्लबच्या नावाने. याच आदिदासने त्याच उन्हाळ्यात लुईव्हिलशी दहा वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार केला होता. तो करार राजरोस, फोटोबिटो काढून. लाख डॉलर तेवढे लपूनछपून.

लुईव्हिलचे मुख्य कोच रिक पिटिनो यांची नोकरी गेली. मला काहीच माहीत नव्हतं, असं ते म्हणत राहिले. आज ते पुन्हा कोच आहेत. सहायक कोचपैकी दोघांना तीन-तीन महिन्यांची कैद झाली. मुख्य कोचपैकी एकही तुरुंगात गेला नाही. पाकीट सहायकाच्या हातानेच का जातं, याचं उत्तर यातच आलं.

खटला ऐकताना मात्र मती गुंग होते. खेळाडूला पैसे देणं हा एनसीएएच्या नियमाचा भंग होता, पण देशाच्या कायद्याने तो गुन्हा नव्हता. मग सरकारी वकिलांनी मांडलं काय? तर फसवणूक झाली ती विद्यापीठांची! मुलगा अपात्र आहे हे लपवून त्यांच्याकडून शिष्यवृत्ती उकळली; शिष्यवृत्ती ही विद्यापीठाची मालमत्ता, म्हणून ही मालमत्तेची लुबाडणूक. ज्यांच्यासाठी हा खटाटोप झाला, तेच बिचारे फसलेले. ज्युरीने २०१८मध्ये हे मान्य केलं. गॅटोला नऊ महिने, डॉकिन्सला सहा महिने.

अपील कोर्टाने या शिक्षा जानेवारी २०२१मध्ये कायम केल्या. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादा बेकायदा ठरवल्या. नऊ विरुद्ध शून्य. आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमावायची मुभा मिळाली. २०२५च्या जुलैपासून तर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू लागली. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत परवानगी. एक लाख डॉलर आज ऐकले, तर बड्या विद्यापीठातला चांगला खेळाडू म्हणेल, पुढचं बोला.

बोवेनचं काय झालं? आपल्याला हे काही ठाऊक नव्हतं, असं तो पहिल्यापासून सांगत आला. वडील साक्षीच्या पिंजऱ्यात रडले. लुईव्हिलने त्याला एकही सामना खेळू दिला नाही. तो साउथ कॅरोलायनाला गेला, तिथेही अपात्र. मग ऑस्ट्रेलियात सिडनीकडून एक हंगाम खेळला, आणि पुढे इंडियानाकडून एनबीएचे मोजके सामने.

त्याने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली आदिदासवर दावा लावला, की तुमच्या कारस्थानात माझं कॉलेजचं करिअर बुडालं. २०२३मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. शिष्यवृत्तीचे लाभ जाणं, खेळण्याची पात्रता जाणं, ही या कायद्याखाली मालमत्तेची हानी होत नाही, असं कोर्ट म्हणालं.

नमस्कार.