कलम दहा-अ

(दृश्य: कराराचं छापील पान. कॅमेरा दहाव्या कलमावर येऊन थांबतो.)

मेजर लीग बेसबॉल, म्हणजे अमेरिकेतली बेसबॉलची सर्वांत वरची लीग. तिचा हा जुना करार. मजकूर सगळ्या खेळाडूंना एकच, पगाराचा आकडा तेवढा वेगळा. मुदत एक वर्ष. मग वर्ष संपलं की खेळाडू मोकळा? नाही. इथं बघा, कलम दहा-अ. पगारावर एकमत झालं नाही, तर क्लब हाच करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष वाढवू शकतो. त्याच अटींवर, म्हणजे हे कलमही पुन्हा आलंच. त्यामुळे पुढच्या वर्षी परत वाढ, त्याच्या पुढच्या वर्षी परत. क्लब सोडेल किंवा दुसऱ्याला देईल तोवर खेळाडू त्याच दावणीला. हाच तो रिझर्व्ह क्लॉज. 1879 साली मालकांनी आपापसात ठरवून प्रत्येकी पाच खेळाडू राखून ठेवले, तिथून ही प्रथा सुरू झाली. पुढे सगळेच खेळाडू तिच्यात आले.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. मैदानात फ्लड.)

हा कर्ट फ्लड, सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. चेंडूकडे पाठ करून धावतोय... कुंपणापाशी वळला... आणि झेल! सलग सात वर्षं गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार. सेंट लुईसमध्ये बारा हंगाम. ऑक्टोबर 1969 मध्ये क्लबमधून फोन आला: तुला फिलाडेल्फियाला दिलंय. त्याला विचारलं कुणीच नव्हतं.

(दृश्य: टाइप केलेलं पत्र. तारीख, 24 डिसेंबर 1969.)

फ्लडनं बेसबॉलच्या कमिशनरना लिहिलं: माझी इच्छा न विचारता विकावी-घ्यावी अशी मी मालमत्ता नाही.

पगार होता वर्षाला 90,000 डॉलर. एवढे पैसे मिळतात, मग तक्रार कसली, असं विचारणारे पुष्कळ निघाले. फ्लडनं टीव्हीवर उत्तर दिलं: भरपूर पगार मिळाला, तरी गुलाम तो गुलामच.

(दृश्य: सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या.)

फ्लडनं रिझर्व्ह क्लॉजविरुद्ध खटला भरला. त्यात माजी खेळाडू जॅकी रॉबिन्सननं त्याच्या बाजूनं साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. 1972 साली सुप्रीम कोर्टात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला.

डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी कलमाचा अर्थ लावला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. नव्या करारावर सही न करता तो हंगाम खेळलेला पिचर अँडी मेसरस्मिथ मोकळा झाला. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली आणि करार संपला, की खेळाडू फ्री एजंट होतो, हवा तो क्लब निवडतो.

(दृश्य: 1971. वॉशिंग्टन सेनेटर्सच्या गणवेशात फ्लड.)

फ्लड इथं 13 सामने खेळला आणि निघून गेला.

(चित्र स्थिर. निवेदन नाही.)