एक्स-रे काढताना आम्ही शिशाचा एप्रन का देत नाही?

‘अहो मॅडम, एप्रन नाही देत?’

एक्स-रेच्या खोलीत हा प्रश्न मी रोज ऐकते. हल्ली बहुतेक वेळा माझं उत्तर असतं, ‘नको.’ समोरच्याचा चेहरा पडतो. त्यात बटण दाबायला मी स्वतः शिशाच्या काचेमागे जाते. मग तर संशय पक्काच!

तर आज या एप्रनबद्दलच बोलू.

पूर्वी पेशंटच्या ओटीपोटावर शिसं ठेवायची पद्धतच होती. भीती ही, की किरणांचा दोष पुढच्या पिढीत उतरेल. पण माणसांमध्ये तसा पुरावा सापडला नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांमध्येही नाही. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं, एएपीएमनं, सांगून टाकलं की हे सरसकट शिसं ठेवणं बंद करा.

कारण ते कधीकधी उलटतं. आमच्या बऱ्याच मशीनमध्ये तुमच्या मागे एक सेन्सर असतो. पुरेसे किरण पोचले की तो मशीन बंद करतो. आता त्याच्यासमोर शिसं आलं तर? त्याला वाटतं, अजून किरण पोचलेच नाहीत. मशीन चालूच राहतं आणि डोस वाढतो! शिवाय शिसं जरा सरकलं आणि नेमकं खुब्याचं हाड झाकलं गेलं, की एक्स-रे पुन्हा काढा. म्हणजे डोस दुप्पट. आणि फोटोच्या जागेपासून लांबच्या अवयवांना जे थोडेफार किरण लागतात, ते बहुतांशी शरीराच्या आतूनच विखुरत जातात. वरून पांघरलेला एप्रन त्यांना कसा अडवणार?

मग मी काय करते? तुमच्या छातीवर उजेडाचा चौकोन पडतो ना, मध्ये फुलीची सावली असलेला? तो कोलिमेटरचा. किरण तेवढ्याच जागेत पडणार. मी दोन नॉब फिरवून तो चौकोन आवळत असते, तेव्हा तुम्हाला वाटतं ही उगाच वेळ काढतेय. खरं संरक्षण तिथेच चाललेलं असतं. आणि ‘श्वास रोखा’ म्हटलं की खरंच रोखा हो. हललेला फोटो पुन्हा काढावा लागतो.

आता थोडे आकडे. हवा, जमीन, अन्न, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट (हे किरणांचा डोस मोजायचं माप) किरणोत्सर्ग मिळतोच. छातीचा एक एक्स-रे म्हणजे फार तर ०.१, म्हणजे पंधरा दिवसांचा नैसर्गिक हिशेब. पोटाचा सीटी स्कॅन मात्र साधारण ८ मिलिसीव्हर्ट. तीन वर्षांहून जास्त! म्हणून छातीच्या एक्स-रेला घाबरून एप्रन मागणारे लोक सीटीच्या टेबलावर निवांत झोपतात, याचं मला नवल वाटतं. गरजेचा सीटी टाळू नका, तो जीव वाचवतो. पण डॉक्टरांना विचारा: यातून उपचार बदलणार आहे का? सोनोग्राफी किंवा एमआरआयनं काम भागेल का? त्या दोन्हींत एक्स-रे नसतातच. आणि गेल्या महिन्यातलीच फिल्म कपाटात पडली असेल तर ती घेऊन या.

पाळी चुकली असेल, तर टेबलावर चढण्याआधी सांगा. लाजू नका. आम्ही विचारतो तेही त्यासाठीच.

आणि मी काचेमागे का जाते? तुमचा फोटो एक, माझे दिवसभरात कितीतरी. त्यातून मला त्या किरणांचा फायदा शून्य.

एकदा एक आई बाळाला धरून उभी होती. मी एप्रन आणला, तिनं तो झटकन बाळाकडे नेला. मी म्हटलं, ‘ताई, हा तुमच्यासाठी आहे.’ फोटो बाळाचा. तिच्याकडे येणार ते बाळाच्या अंगावरून उडालेले किरण, बाहेरून येणारे. ते एप्रन अडवतो. तिनं तो अंगात घातला, बाळाचे दोन्ही हात डोक्यावर धरले, आणि मी चौकोन आवळायला घेतला.